आनंदीबाईंना थंडीने मारले नाही

पेरणीच्या धावपळीतून वेळ काढून आलेला बाप, शेजारी पाठीवर बॅग अडकवलेला मुलगा आणि हातात परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशाचा कागद. दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावी, सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत, हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. 1920 मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख शिकायला विलायतेला गेले, तेव्हा ते नवल होते. आज खारपाणपट्ट्यातल्या लहान गावांतूनही मुले जातात.

काही वर्षांपूर्वी आलेल्या अशाच एका बाप-लेकाला फक्त तब्येत ठीक असल्याचा दाखला हवा होता. मुलाला महिनाभरापासून खोकला होता आणि वजन चार किलोंनी उतरले होते. बापाच्या मते ती कागदपत्रांच्या धावपळीची दगदग होती. मी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी सुचवताच दोघांचे चेहरे पडले. तपासणीत काही निघाले तर व्हिसा अडकेल, ही धास्ती. त्या दिवशी मी त्यांना आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगितली.

तशी ती सगळ्यांना ठाऊक असते. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या, तिथली थंडी आणि अन्न मानवले नाही, परत आल्या आणि गेल्या. डॉक्टर म्हणून मला यातले मधले वाक्य नेहमी खटकते.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 चा. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी लग्न झाले. गोपाळराव वयाने खूप मोठे, स्वभावाने हट्टी, आणि बायकोला शिकवायचेच या वेडाने झपाटलेले. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत दगावला. बाळंतिणीला आणि बाळाला वेळेवर उपचार मिळाले नाहीत, हे दुःख त्यांच्या मनात राहिले. डॉक्टर व्हायचे या ध्यासामागे ते होते.

गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या ते वाचनात आले आणि त्यांनी ओळखदेख नसलेल्या या मुलीशी पत्रव्यवहार सुरू केला. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

आता डॉक्टरच्या नजरेने पाहायची बाब. याच काळात, म्हणजे अमेरिकेला जाण्याआधी कलकत्त्याकडे राहत असतानाच, आनंदीबाईंची तब्येत बिघडलेली होती. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, अधूनमधून ताप, कधी कधी लागणारी धाप. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली, पण गुण आला नाही. अठरा वर्षांच्या मुलीला वारंवार ताप आणि धाप, असे कोणी आज ओपीडीत सांगितले तर मी तिला एक्स-रेशिवाय घरी पाठवणार नाही. तेव्हा एक्स-रे नव्हता. तो 1895 मध्ये आला. क्षयाचा जंतूही रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये, म्हणजे त्यांच्या प्रवासाच्या जेमतेम वर्षभर आधी, जगाला दाखवला होता.

एप्रिल 1883 मध्ये आनंदीबाई नवऱ्याशिवाय, मिशनरी बायकांच्या सोबतीने कलकत्त्याहून निघाल्या. खर्चासाठी दागिने विकले होते. सुमारे दोन महिन्यांच्या बोटीच्या प्रवासानंतर जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. उन्हाळा रोझेलला कार्पेंटरबाईंच्या घरी गेला. तिथे माणसे होती, मुले होती, आपल्या पद्धतीचे चार पदार्थ रांधायला चूल होती. परक्या देशातले पहिले चार महिने असे घरात जाणे, हे मोठे भाग्य होते.

ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फिया सुरू झाले. तेव्हा तिथली वस्ती साडेआठ लाखांच्या आसपास होती. 1850 मध्ये स्थापन झालेल्या पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला, शिष्यवृत्ती दिली. डीन रेचल बॉडली स्वतः रसायनशास्त्राच्या अध्यापिका आणि मायाळू बाई. कॉलेजने हात आखडला नाही. अडचण होती ती कॉलेज सुटल्यानंतरच्या तासांची.

राहायच्या खोलीतली शेकोटी नीट चालत नसे. पेटवावी तर खोलीभर धूर, विझवावी तर कडाका. नऊवारी नेसल्यावर पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून त्या घोटे झाकणारे गुजराती वळणाचे लुगडे नेसू लागल्या. शाकाहार सोडायचा नव्हता. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्या निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या भाषणात जाहीर सांगून आल्या होत्या. त्यात अभ्यासाचा डोंगर आणि गोपाळरावांची पत्रे, कधी धीर देणारी तर कधी बोचरी. विशीच्या आतली मुलगी, आणि मनातले मराठीत बोलायला आसपास कोणी नाही.

यात क्षय कुठे बसतो? क्षय थंडीने होत नाही, तो जंतूने होतो. जगातल्या साधारण चौथा हिस्सा लोकांच्या शरीरात हा जंतू शिरलेला असतो, पण बहुतेकांत तो आयुष्यभर निपचित पडून राहतो. त्यांच्यापैकी शंभरातल्या पाच-दहा जणांनाच पुढे प्रत्यक्ष आजार होतो. शरीराचा पहारा ढिला पडला की तो उठतो. पोटभर अन्न नसणे, रोजचा धूर, हवा न खेळणारी खोली, झोपेचे खोबरे आणि मनावरचा ताण, हे सारे पहारा ढिला करते. थंडी या सगळ्यांना हातभार लावते, एवढेच. आनंदीबाईंचा आजार इथूनच त्यांच्या सामानासोबत गेला असावा, असे मला त्या कलकत्त्याच्या लक्षणांवरून वाटते. फिलाडेल्फियाच्या खोलीने त्याला वाट करून दिली.

तरीही त्या शिकल्या. प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. 11 मार्च 1886 रोजी एम. डी. झाल्या, तेव्हा सभागृहात गोपाळराव आणि पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना मिळाली होती. पण वर्षाअखेरीस मायदेशी पोहोचल्या त्या खंगलेल्या अवस्थेत. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिना बाकी होता. कोल्हापूरच्या एकाही रुग्ण बाईची नाडी त्यांना पाहता आली नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या.

क्षयावर चालणारे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, 1943 मध्ये सापडले. म्हणजे आनंदीबाईंचे निदान लवकर झाले असते, तरी तेव्हाच्या डॉक्टरांच्या हातात विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार यापलीकडे फारसे काही नव्हते. आपल्या हातात आहे. साध्या क्षयाचा रुग्ण सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, आणि तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. म्हणूनच आज तपासणी टाळणे हा गुन्हाच म्हणायचा.

ज्यांच्या घरातले कोणी यंदा निघाले आहे, त्यांनी एवढे करावे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम किंवा घटते वजन असेल तर निघण्याआधी तपासून घ्या. ब्रिटनसारखे देश सहा महिन्यांहून जास्त राहायला येणाऱ्या भारतीयांकडून क्षयाची तपासणी मागतातच, तिला घाबरू नका. शाकाहारी असाल तर बी-12 आणि त्याबरोबर डी जीवनसत्त्वाची पातळी पाहून घ्या. पोळी, वरण, भाजी, उसळ हाताने करायला शिका. ब्रेड आणि चहावर सत्र काढता येत नाही. भाडे वाचवण्यासाठी सहा जणांनी एका कोंदट खोलीत राहू नका. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नका, तिच्या वायूला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. आणि त्या शहरात आपली विचारपूस करणारे निदान एक माणूस पहिल्या महिन्यात जोडा. घरच्यांनीही फोनवर फक्त मार्कांची चौकशी न करता, आज काय जेवलास, हे विचारावे.

त्या मुलाची थुंकी पॉझिटिव्ह आली. बाप बराच वेळ बाकावर बसून होता. कर्ज मंजूर झालेले, तिकिटाची चौकशी झालेली. विद्यापीठाला कळवल्यावर त्यांनी प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलला. मुलाने सहा महिने एकही गोळी चुकवली नाही, वजन भरून आले, घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. जाण्याआधी दोघे पुन्हा दाखल्यासाठी आले. या खेपेला एक्स-रेचा लिफाफा बापाने स्वतःहून टेबलावर ठेवला.