भोजनगृहातलं चित्र

कोबोल शिकताना ग्रेस हॉपर हे नाव पहिल्यांदा भेटलं. येल विद्यापीठातून १९३४ साली गणितात डॉक्टरेट मिळवलेल्या या बाईंच्या नावाचं एक कॉलेज, म्हणजे विद्यार्थ्यांचं राहण्या-जेवण्याचं संकुल, तिथे आहे. २०१७ पर्यंत मात्र ते जॉन कॅल्हून यांच्या नावाने होतं, आणि भोजनगृहात त्यांचं चित्र होतं. हे कोण, म्हणून वाचत गेले.

जन्म १७८२, साउथ कॅरोलायना. वडील लवकर गेले, शिक्षण थांबलं, पोराने शेती सांभाळली. पुढे उशिरा अभ्यासाला बसून थेट येलच्या वरच्या वर्गात प्रवेश मिळवला आणि १८०४ साली पदवी घेतली. वकिली, काँग्रेस, युद्धमंत्रिपद आणि मग दोन वेगवेगळ्या अध्यक्षांच्या हाताखाली उपाध्यक्षपद. केंद्राचा आयात कर राज्याने मानावा की नाही, यावरून अध्यक्ष जॅक्सनशी बिनसलं आणि १८३२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. असा राजीनामा देणारे ते पहिलेच उपाध्यक्ष.

इथवर कुठल्याही शाळेने अभिमानाने सांगावं असंच आयुष्य. पण दक्षिणेतले अनेक पुढारी गुलामगिरीला नाइलाजाचं पाप म्हणत, तेव्हा कॅल्हून यांनी १८३७ साली सेनेटमध्ये ती मालक आणि गुलाम दोघांच्याही भल्याची असल्याचं मांडलं. बहुमताची मनमानी अल्पसंख्याकांवर चालू नये, हा त्यांचा विचार राज्यशास्त्रात आजही अभ्यासला जातो. त्यांचे अल्पसंख्याक होते गुलामांचे मालक! रोज दुसऱ्यांचा कोड तपासणाऱ्या मला हा प्रकार ओळखीचा वाटला: पायऱ्या सगळ्या बरोबर, गृहीतकच सडलेलं.

मार्च १८५० मध्ये क्षयाने खंगलेले कॅल्हून सेनेटमध्ये बसून राहिले आणि त्यांचं भाषण दुसऱ्या सदस्याने वाचलं. त्याच महिनाअखेर ते वारले. अकरा वर्षांनी यादवी युद्ध पेटलं. त्याची कारणं आपण परीक्षेत पाठ करून लिहिली होती, पण हे नाव काही मला आठवत नाही.

२०१६ मध्ये चित्र उतरलं, पुढच्या वर्षी नाव बदललं. जुन्या विद्यार्थ्यांना मात्र कुठलं नाव लावायचं याची मुभा दिली गेली. मी हॉपरच लिहिलं असतं. पण इतकी वर्षं त्या चित्राखाली जेवून, हे कोण, असं एकदा तरी विचारलं असतं का? आपल्या शाळेच्या सभागृहातल्या तसबिरींपैकी मला दोनच नावं आठवतात. मेळाव्याला येईन तेव्हा बाकीची वाचणार आहे.