पेन दुरुस्त करणारा मास्तर : जॉर्ज पार्कर

आपल्या वर्गात आज शाईचे पेन वापरणारे किती जण सापडतील? फार तर दोघे-तिघे. मीही त्यांतला नव्हतो. गेल्या दिवाळीत घर झाडताना आजोबांच्या ट्रंकेत एक काळे पेन सापडले. ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या वडिलांनी दिलेले, तेही कुणाकडून तरी जुने विकत घेतलेले. आजोबा आता नाहीत. मला परीक्षेची फी भरायची होती, म्हणून ते विकावे असे मनात आले. गिऱ्हाइकाला चकचकीत दिसावे म्हणून मी ते टूथपेस्ट लावून खसाखसा घासले आणि बाजारात जुनी पेने घेणाऱ्या गृहस्थाकडे नेले. त्याने भिंग लावून ते सगळीकडून न्याहाळले. नळीवरची कोरलेली अक्षरे पुसट झालेली पाहून त्याला हळहळ वाटली. अक्षरे शाबूत असती तर दुप्पट दिले असते, असे त्याने कानडीत सांगितले. मी पेन परत घेऊन आलो. त्या पुसट अक्षरांत एक नाव मात्र अजून वाचता येत होते : पार्कर. हा पार्कर कोण, हे शोधायला मी तेव्हा लागलो.

जॉर्ज सॅफर्ड पार्कर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८६३ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात शल्सबर्ग या गावी झाला. तरुणपणी ते तारायंत्राचे शिक्षण घेण्यासाठी त्याच राज्यातील जेन्सव्हिल गावी आले आणि पुढे त्याच शाळेत मास्तर झाले. तारायंत्राच्या कामात संदेशाची कटकट सुरू झाली की कागदावर अक्षरे भराभर उतरवावी लागत. दर दोन शब्दांनी टाक दौतीत बुडवत बसले तर पुढचा शब्द हुकायचा. म्हणून पोटात शाई असलेले पेन विद्यार्थ्यांच्या फार उपयोगाचे होते.

मास्तरांचा पगार बेताचाच. जोडधंदा म्हणून पार्कर यांनी जॉन हॉलंड या कंपनीची पेने विद्यार्थ्यांना विकायला सुरुवात केली. पण त्या काळची पेने मोठी लहरी! कधी शाई उतरतच नसे, तर कधी एकदम ओघळून कागदावर डाग पडे. विद्यार्थी तक्रार घेऊन मास्तरांकडेच येत. पेन आपण बनवलेले नाही, आपण नुसते विकले, असे सांगून हात झटकणे सोपे होते. पार्कर यांनी तसे केले नाही. त्यांनी लहानसहान हत्यारे आणली आणि शाळा सुटल्यावर ते एकेक पेन उघडून दुरुस्त करू लागले. बिघाड कुठे होतो हे शेकडो वेळा पाहिल्यावर त्यांना वाटले, दुसऱ्याचे चुकलेले पेन सुधारत बसण्यापेक्षा आपणच चांगले पेन का बनवू नये?

१८८९ साली त्यांना पेनाचे पहिले पेटंट मिळाले. पण पेटंटाच्या कागदाने कारखाना उभा राहत नाही, भांडवल लागते. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी भागीदारीचा धडा पाठ करतो. पार्कर तो जगले. १८९१ साली विल्यम पामर या विमा व्यवसायातील गृहस्थाने १००० डॉलर देऊन त्यांच्या धंद्यात निम्मा वाटा घेतला आणि १८९२ साली पार्कर पेन कंपनीची रीतसर स्थापना झाली. एकाची कारागिरी, दुसऱ्याचा पैसा.

१८९४ साली पार्कर यांनी गळतीवर एक उपाय काढला. पेन खिशात उभे ठेवले तरी निबखालच्या जिभेत थोडी शाई अडकून राहते. अंगाच्या उबेने आतली हवा फुगते आणि ती शाई वर टोपणात ढकलते. टोपण काढताच बोटे निळी! पार्कर यांनी या जिभेचे मागचे टोक वाकवून नळीच्या आतल्या भिंतीला टेकवले, म्हणजे अडकलेली शाई भिंतीवरून हळूच खाली उतरेल. या रचनेला त्यांनी 'लकी कर्व्ह' असे नाव दिले. त्या नावावर कंपनी अनेक वर्षे चालली.

१९२१ साली कंपनीने ड्युओफोल्ड हे पेन काढले. बहुतेक पेने काळी असण्याच्या काळात हे पेन जाड आणि नारिंगी-तांबड्या रंगाचे होते. किंमत ७ डॉलर, म्हणजे त्या वेळी चांगलीच भारी. पण सोबत २५ वर्षांची हमी. लोकांनी ते उचलून धरले. १९३३ साली कंपनीची सूत्रे पार्कर यांचे पुत्र केनेथ यांच्या हाती आली आणि १९३७ साली जॉर्ज पार्कर यांचे निधन झाले. माझ्या आजोबांचे पेन ज्या जातीचे, ते 'पार्कर ५१' बाजारात आले १९४१ साली. ते पाहायला ते राहिले नाहीत.

आज जगभर हौशी लोक ही जुनी पेने जमवतात. त्यांच्याकडून मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. घेताना आधी नळीवरची अक्षरे पाहावीत. निब सरळ आहे का आणि टोपणाच्या कडेला बारीक तडा नाही ना, हे भिंगातून तपासावे. पहिल्या ड्युओफोल्डच्या टोपणाला धातूचे कडे नव्हते, म्हणून त्या टोपणांना तडे लवकर जात. त्यामुळेच धड राहिलेल्या अशा पेनाला आज अधिक भाव येतो. जुने काळे रबरी पेन ऊन-पाण्याने तपकिरी पडते, म्हणून ते पाण्यात भिजत घालू नये. आणि घासू तर मुळीच नये. हे शेवटचे मी अनुभवाने सांगतो आहे.

जेन्सव्हिलचा पेनांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय २००९ साली जाहीर झाला. गाव तेच राहिले, पण मास्तरांचा उद्योग तिथून उठला. तरी त्यांचा धडा उरला आहे. आपण विकलेल्या वस्तूबद्दल गिऱ्हाइकाला आपणच जबाबदार आहोत, एवढी साधी गोष्ट मानल्यामुळे एका मास्तराचे नाव जगाच्या खिशात गेले. उद्या आपल्यापैकी कुणी दुकान काढेल, कुणी बँकेत बसेल. समोरचा तक्रार घेऊन आला की आपण हात झटकणार की हत्यारे काढणार?

फी मी सुट्टीत शिकवण्या करून भरली. आजोबांचे पेन साध्या पाण्याने धुतले, शाई भरली आणि त्यानेच हा लेख लिहिला. अक्षरे पुसट झाली ती झालीच. ती आता परत येणार नाहीत. पण पेन अजून झरझर चालते.

— बी. कॉम. द्वितीय वर्षाचा विद्यार्थी