विल्यम टिंडेल : ‘तू’ आणि ‘तुम्ही’ जपणारा भाषांतरकार

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात १४९४ च्या सुमारास जन्मलेल्या विल्यम टिंडेल यांचे शिक्षण ऑक्सफर्ड येथे झाले. त्या काळी चर्चमध्ये बायबल लॅटिन भाषेतच वाचले जाई. बिशपच्या अनुमतीवाचून त्याचे इंग्रजी भाषांतर करणे हा गुन्हा होता. नांगर हाकणाऱ्या मुलालाही तो ग्रंथ कळावा, हा टिंडेल यांचा ध्यास होता. लंडनच्या बिशपांकडे त्यांनी आश्रय मागितला. तो मिळाला नाही. १५२४ मध्ये त्यांनी मायदेश सोडला, तो कायमचाच.

जर्मनीतील कोलोन येथे सुरू झालेली छपाई विरोधकांनी बंद पाडली. तेथून निसटून त्यांनी १५२६ मध्ये वर्म्स येथे मूळ ग्रीकवरून केलेला ‘नवा करार’ छापून घेतला. त्याच्या प्रती लपवून इंग्लंडला पोहोचविण्यात आल्या आणि लंडनमध्ये जाहीरपणे जाळल्याही गेल्या.

जुने इंग्रजी बायबल उघडणारा वाचक आज ‘दाऊ’, ‘दी’, ‘यी’ या सर्वनामांपाशी अडखळतो. मराठी वाचकाला मात्र त्यांची किल्ली घरातच सापडते. ग्रीक आणि हिब्रू भाषांत मराठीप्रमाणेच ‘तू’ व ‘तुम्ही’ निराळे आहेत. टिंडेल यांनी हा भेद जपला : ‘दाऊ’ म्हणजे तू, ‘दी’ म्हणजे तुला, ‘यी’ म्हणजे तुम्ही, ‘यू’ म्हणजे तुम्हांला. मात्र मराठीतील आदरार्थी ‘तुम्ही’ येथे नाही. राजा असो, सेवक असो वा प्रत्यक्ष परमेश्वर, एकाला ‘दाऊ’च.

लूकच्या शुभवर्तमानात येशू पेत्राला सावध करतो. सैतान सर्व शिष्यांना गव्हासारखे चाळू पाहत आहे. येशूने प्रार्थना मात्र एकट्या पेत्रासाठी केली आहे. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे ‘यू’ येतो आणि संकट सर्वांचे, प्रार्थना एकासाठी, हा अर्थ झाकला जातो.

१५३५ मध्ये अँटवर्प येथे विश्वासघाताने टिंडेल पकडले गेले. व्हिल्वोर्डेच्या किल्ल्यातील कैदेत थंडीने गारठलेल्या या विद्वानाने उबदार टोपी आणि दिवा मागितला. त्यांबरोबरच हिब्रू बायबल, व्याकरण व शब्दकोशही. १५३६ च्या ऑक्टोबरात त्यांना गळा आवळून ठार करण्यात आले व देह जाळण्यात आला.

१६११ च्या राजा जेम्सच्या बायबलात त्यांची शब्दरचना मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली. तोवर बोलण्यात एका व्यक्तीलाही ‘यू’ म्हणणे रूढ होत होते. तरी ग्रंथात जुना भेद टिकला. परक्या भूमीत, जिवावर उदार होऊन टिंडेल यांनी राखलेला तो बारकावा मातृभाषेतून शिकलेल्या वाचकाला आजही सहज उमगतो.