विश्लेषण : नॅनोकणांचे औषध उंदरापासून माणसापर्यंत, पाया कमल रणदिवे यांचा

कर्करोगाच्या गाठीत थेट पेप्टाइडचे औषध पोहोचवणाऱ्या नॅनोकणांच्या बातम्या मोबाइलवर वारंवार येतात. भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीहून उपचारासाठी नागपूरच्या फेऱ्या मारणाऱ्या कुटुंबाचा प्रश्न साधा असतो : हे औषध आमच्या माणसाला कधी मिळणार? उत्तरासाठी बातमीतली एक ओळ शोधावी. प्रयोग कशावर झाला, पेशींवर, उंदरांवर की रुग्णांवर? यातल्या पहिल्या दोन पायऱ्या भारतात पक्क्या करण्यात डॉ. कमल रणदिवे यांचा मोठा वाटा आहे.

कोण होत्या कमल रणदिवे?

जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७. माहेरच्या त्या समर्थ. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. मुलीने वनस्पती आणि प्राणिशास्त्र निवडले. एम.एस्सी.साठी अभ्यास केला तो चक्क सीताफळाच्या कुळातील गुणसूत्रांचा! १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. टाटा स्मारक रुग्णालयात काम करताना डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली.

पुढे त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज ओटो गाय यांच्याकडे गेल्या. १९५१ मध्ये ‘हेला’ पेशी शरीराबाहेर वाढवल्या त्या याच प्रयोगशाळेने. परतल्यावर रणदिवे यांनी मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. पेशी काचेत जगवायच्या तर पोषक द्रव, शरीराइतकी ऊब आणि निर्जंतुक हवा लागते. एक जंतू शिरला की आठवड्यांची मेहनत वाया. जोडीला उंदरांवरील प्रयोगांतून त्यांनी स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा संबंध तपासला. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाची धुराही सांभाळली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

नॅनोकणांशी याचा संबंध काय?

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. नुसती टोचली तर रक्तातील विकरे ती तोडतात, मूत्रपिंडे गाळून टाकतात. म्हणून ती मीटरच्या अब्जांश भागांत मोजल्या जाणाऱ्या कणात भरतात. गाठीतल्या रक्तवाहिन्या बऱ्याचदा गळक्या असल्याने कण तिथून आत झिरपतात. काही पेप्टाइडे पेशीवरील खूण ओळखून तिला चिकटतात, म्हणजे पत्ता शोधण्याचे कामही तीच करतात. मात्र बरेच कण यकृत आणि प्लीहेतच अडकतात. काचेतल्या पेशींना यकृत नसते. उंदराला असते, पण त्याची गाठ वेगाने वाढते आणि माणसाच्या गाठीसारखी नसते. त्यामुळे उंदरात जिंकलेले पुष्कळ कण रुग्णांत हरले आहेत.

रणदिवे यांचे ११ एप्रिल २००१ रोजी निधन झाले. ती संस्था आज नवी मुंबईतील खारघरला ‘ॲक्ट्रेक’ या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेचा भाग आहे.