वारीच्या मागून चालणारा संत

आषाढी एकादशीच्या विशेष पानावर पालख्यांच्या प्रस्थानाचे, रिंगणांचे आणि वाखरीच्या मुक्कामाचे वर्णन करण्याची रीत आहे, आणि ती उचितही आहे. परंतु आम्ही पंढरीचे रहिवासी असल्यामुळे आमच्या डोळ्यांपुढे आणखी एक दिवस उभा राहतो. पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो, पालख्या परतीच्या वाटेला लागतात, टाळांचा नाद विरत जातो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे क्षेत्र आपल्या अंगावर काय काय उरले आहे ते पाहू लागते. वाळवंटात रुतलेली पत्रावळींची चवड, चिखलात तुडवले गेलेले प्लॅस्टिकचे कागद, फुटक्या बाटल्या, सडलेला भात, केळीची साले, आणि जे लिहिताना लेखणी अडखळते तेही. वारी पुढे जाते आणि वारीचे उष्टे मागे राहते. ते मागे राहिलेले उचलणे हीच ज्याने आपली वारी मानली, त्या महापुरुषाचे चरित्र या पर्वकाळी वाचकांपुढे ठेवावे, असा आमचा मानस आहे. ते महापुरुष म्हणजे श्री गाडगे महाराज.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झिंगराजी व सखूबाई या परीट दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव डेबूजी, आडनाव जाणोरकर. दुसऱ्याने मळवलेले आपण धुवावे, हा या घराण्याचा पिढीजात व्यवसाय होता. झिंगराजींना मद्याच्या व्यसनाने ग्रासले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. पोरके झालेले बालक आईबरोबर दापुरे येथे मामाच्या आश्रयास आले. तेथे गुरे राखणे, नांगर धरणे, रात्री भजनात बसणे, असे त्याचे बालपण सरले. अक्षराशी मात्र त्याची गाठ पडली नाही. पुढे सावकारी पाशात मामाची जमीन गेली. अज्ञान, व्यसन आणि ऋण ही तीन घरे कशी गिळतात, ते डेबूजींनी पोथीत वाचले नाही, स्वतःच्या उंबऱ्यावर पाहिले.

कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. कन्येच्या बारशाला जातीच्या प्रथेप्रमाणे मद्यमांसाची पंगत अपेक्षित असता डेबूजींनी पाहुण्यांना गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रुसले, परंतु प्रथा मोडली ती मोडलीच. पुढे १ फेब्रुवारी १९०५ रोजी ते घर सोडून निघाले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हाती काठी, आणि जवळ मातीच्या मडक्याचा तुकडा. तेच भोजनपात्र, तेच जलपात्र. त्या गाडग्यावरूनच लोकांनी त्यांना गाडगे महाराज म्हटले.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. पायी प्रवासाला निघालेल्या माणसाने बरोबर काय घ्यावे आणि मागे काय टाकावे, याचा इतका निर्दोष हिशोब आम्हास दुसरीकडे आढळत नाही. एक गाडगे, तेही दुसऱ्याने फुटके म्हणून टाकलेले. चिंध्या, त्याही दुसऱ्यांनी टाकलेल्या. पन्नास वर्षे हा पुरुष अखंड चालला आणि त्याच्या मागे वाटेवर पत्रावळ उरली नाही. उलट तो ज्या गावावरून गेला ते गाव आधीपेक्षा स्वच्छ झाले.

गावात शिरले की बाबा प्रथम खराटा मागून घेत. रस्ते, गटारे, पाणवठा, देवळापुढचे अंगण झाडून काढीत. कोणी भाकरी दिली तर ती कामाच्या मोबदल्यात, भीक म्हणून नव्हे. कोणी पायावर डोके ठेवू गेले तर काठी उगारीत. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन उभे राही. आम्ही नारदीय परंपरेतले. आमचा पूर्वरंग, आमचा उत्तररंग, आमची बांधलेली आख्याने. त्या बाबांजवळ यांपैकी काही नव्हते. ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोते उत्तरे देत, आणि त्या उत्तरांतूनच श्रोत्यांच्या अंगी मुरलेले कर्ज, दारू, पशुहत्या, शिवाशीव हे सारे उघडे पडे. दिवसा गावाची घाण आणि रात्री मनाची घाण, असा तो दुहेरी झाडा होता. पुत्र गोविंद १९२३ साली निवर्तल्याची वार्ता कीर्तन चालू असतानाच त्यांना पोहोचली आणि त्यांनी कीर्तन थांबविले नाही, ही हकिगत त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते.

परंतु बाबांना केवळ झाडूवाला संत म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. पूर्णेकाठच्या ऋणमोचन येथील यात्रेत भाविकांचे चिखलात होणारे हाल पाहून १९०८ च्या सुमारास त्यांनी तेथे घाट बांधविण्याचे काम हाती घेतले. यात्रेकरू घाण करतो याचे अर्धे कारण त्याची सवय, आणि अर्धे कारण त्याला बसायला जागा, धुवायला पाणी आणि निजायला छप्पर नाही हे, अशी त्यांची धारणा त्यांच्या कृतीतून दिसते. म्हणूनच पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. पंढरीत, जेथे ज्यांना अस्पृश्य म्हणत त्या वारकऱ्यांना उघड्यावर निजावे लागे, तेथे त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. लाखो रुपये त्यांच्या हातून गेले, पण त्या छपरांवर स्वतःचा वा कुटुंबाचा हक्क त्यांनी ठेवला नाही.

पंढरीत ते वारंवार आले. परंतु महाद्वारातून आत जाऊन त्यांनी विठ्ठलदर्शन घेतले नाही. चंद्रभागेचे वाळवंट झाडावे, पंगती उठल्या की उष्ट्या पत्रावळी गोळा कराव्यात, ही त्यांची पूजा. आमच्या तीर्थरूपांनी त्यांना पाहिले होते. वाळवंटात एक चिंधीधारी म्हातारा वाकून झाडतो आहे, आणि आमच्यासारखे सोवळ्यातले लोक अंग चोरून बाजूने जात आहेत, असे ते दृश्य ते सांगत. सांगताना त्यांची मान खाली जाई. आम्हास त्याचे कारण पुष्कळ उशिरा कळले.

ते कसे कळले ते सांगणे आमचे कर्तव्य आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका आषाढीस आमचे कीर्तन शौच या विषयावर होते. पतंजलींनी सांगितलेल्या पाच नियमांत शौचाला पहिले स्थान आहे. बाह्य शौच माती आणि पाण्याने, आभ्यंतर शौच मैत्री, करुणा इत्यादी भावनांनी, असा विस्तार आम्ही केला. पाण्यात मळ टाकू नये हा धर्मशास्त्राचा निषेध सांगितला. तीर्थ या शब्दाची तरून जाण्याच्या धातूपासूनची व्युत्पत्तीही सांगितली. श्रोते डोलले. कीर्तन संपले, कोणी चहा आणून दिला, आणि तो पिऊन आम्ही रिकामा पेला बोलता बोलता मंडपाबाहेर भिरकावला. आमच्या समोर बसलेली एक वृद्ध वारकरीण उठली, तिने तो पेला उचलला, पदराखालच्या पिशवीत ठेवला, आम्हास वाकून नमस्कार केला आणि निघून गेली. ती एक शब्दही बोलली नाही. त्या रात्री आम्हास झोप लागली नाही.

आमच्या घरी सोवळे कडक होते. परंतु त्या सोवळ्याचे उष्टे रोज कोण उचलीत होते, यात्रेनंतरचे हे क्षेत्र कोणाच्या हातांनी पूर्ववत होत होते, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता. ज्यांच्या बापजाद्यांवर तो भार जन्माने टाकला, तेच तो वाहत होते. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले, परंतु आम्ही टाकायचे आणि दुसऱ्याने उचलायचे ही वृत्ती कायद्याने जात नाही. बाबांच्या खराट्याने नेमक्या याच वृत्तीवर घाव घातला होता. टाकणाऱ्याने उचलावे, इतका साधा धर्म त्यात होता.

बाबांच्या सहवासात किशोरवयात वावरलेले गो. नी. दांडेकर पुढे नर्मदेची परिक्रमा करून आले, आयुष्यभर सह्याद्रीचे गड पायी हिंडले, आणि त्यांनी बाबांचे चरित्रही लिहिले. वारकऱ्यांची वाट आणि गडकऱ्यांची वाट कोठे मिळते, ते या एका नावावरून ध्यानी यावे. गडावर राहुटी ठोकणाऱ्या तरुणास आणि दिंडीत चालणाऱ्या वृद्धास नियम एकच आहे. जे पाठीवर घेऊन गेलो, त्याचे जे उरले ते पाठीवर घेऊनच परतावे.

आळंदीहून पालखीचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीस होते. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत ती पंढरीस येते. गणित सोपे आहे. एक लाख माणसे दोन वेळा जेवली तर एका मुक्कामी दोन लाख पत्रावळी. जोवर त्या पळसाच्या पानांच्या होत्या, तोवर गुरे खात, उरलेल्या मातीत जात. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या ताटलीस ना गाय खाऊ शकते, ना माती. खाल्लीच तर गाय मरते. राज्यात २०१८ साली थर्माकोलच्या ताटल्यांवर आणि अनेक प्लॅस्टिकवस्तूंवर बंदी आली. मुक्कामांवर फिरती शौचालये उभी राहू लागली, आणि चंद्रभागेपलीकडे पासष्ट एकरांचे मैदान वारकऱ्यांच्या निवासासाठी आखले गेले. हे सारे बाबांच्या धर्मशाळांचेच पुढचे पाऊल होय. तथापि पावसाच्या सरीबरोबर विकत घेतलेला आणि ऊन पडताच टाकलेला प्लॅस्टिकचा कागद आजही वाटेच्या कडेला दिसतो.

उपाय अवघड नाही. आमच्या परिचयाच्या एका दिंडीत प्रत्येकाने आपले ताट, वाटी आणि तांब्या पडशीत घ्यावा, असा दंडक आहे. पाणी तांब्यातूनच प्यायचे. ओले उष्टे पाणवठ्यापासून दूर खड्ड्यात पुरायचे. कोरडा कचरा पोत्यात भरायचा, आणि शिधा उतरल्यामुळे रिकाम्या झालेल्या ट्रकच्या जागेत ते पोते चढवून, जेथे तो कचरा घेण्याची सोय असेल तेथपर्यंत न्यायचे. मुक्काम हलण्यापूर्वी दिंडीचालक स्वतः तळावरून फिरून येतात. जागा जशी मिळाली तशी दिसली तरच वीणा खांद्यावर चढते. ज्या ट्रकने शिधा येतो त्यानेच उरलेले परत जावे, यात न समजण्याजोगे काय आहे?

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात बाबांनी देह ठेवला. मृत्यूही त्यांना वाटेवरच आला. दोनच आठवड्यांपूर्वी, ६ डिसेंबरला, डॉ. आंबेडकरांचे महानिर्वाण झाले होते. आपले स्मारक करू नये असे बाबांचे सांगणे होते. लोकांनी ते मानले नाही. अमरावतीस त्यांची समाधी आहे, विद्यापीठास त्यांचे नाव आहे, आणि २००० सालापासून राज्याचे ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. नाव देणे सोपे असते. खराटा उचलणे तितके सोपे नसते, हे आम्ही स्वतःवरून सांगतो.

त्या रात्रीपासून आम्ही एक नेम पाळीत आहोत. कीर्तनापूर्वी मंडपाची जागा आम्ही स्वतः झाडतो, आणि कीर्तन संपल्यावर पुन्हा झाडतो. प्रथम हात लाजले, शिष्यांनी खराटा काढून घेण्याचा यत्न केला, काही श्रोते हसले. आता साठी उलटल्यावर कंबर दुखते. तरी वाकल्यावाचून जी गोष्ट दिसत नाही, ती वाकल्यावर दिसते. ज्याला आपण कचरा म्हणतो, तो घटकेपूर्वीपर्यंत आपलाच होता.

वाचकहो, यंदा आपण पंढरीस याल. कळसाचे दर्शन घ्याल, चंद्रभागेत स्नान कराल. परतताना पडशी एकदा उघडून पाहा. प्रसादाचे चुरमुरे, बुक्का आणि तुळशीची माळ यांच्या शेजारी आपल्या उरलेल्या कचऱ्याची एक लहानशी पुरचुंडीही असेल, तर वाळवंटात वाकून झाडणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा एका ओंजळीइतका भार आपण उचलला, असे समजावे. विठ्ठल कमरेवर हात ठेवून उभा आहे. आपले हात मोकळे आहेत.