दोराबजी टाटा

सर दोराबजी जमशेदजी टाटा (२७ ऑगस्ट १८५९ – ३ जून १९३२) हे भारतीय उद्योगपती, दानशूर व क्रीडासंघटक होते. टाटा उद्योगसमूहाचे संस्थापक जमशेदजी नसरवानजी टाटा यांचे ते ज्येष्ठ पुत्र होत. वडिलांनी योजलेले पोलाद कारखाना, जलविद्युत आणि विज्ञान संस्था हे तिन्ही प्रकल्प त्यांच्या कारकिर्दीत पूर्ण झाले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय संघ पाठवण्यात त्यांचा पुढाकार होता. ते भारतीय ऑलिंपिक संघटनेचे पहिले अध्यक्ष होते. लोहखनिजाच्या शोधासाठी त्यांनी तत्कालीन चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या प्रदेशात केलेली भ्रमंती भारतीय पोलाद उद्योगाच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते.

प्रारंभिक जीवन

दोराबजींचा जन्म मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांच्या आईचे नाव हिराबाई होते. मुंबईतील प्रोप्रायटरी हायस्कूलमध्ये शिकल्यानंतर १८७५ मध्ये त्यांना इंग्लंडला पाठवण्यात आले. १८७७ मध्ये त्यांनी केंब्रिज विद्यापीठाच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे क्रिकेट, फुटबॉल व टेनिस या खेळांत त्यांनी नैपुण्य मिळवले; ते उत्तम घोडेस्वारही होते. १८७९ मध्ये भारतात परतल्यावर त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिक्षण पुढे चालू ठेवले आणि १८८२ मध्ये पदवी घेतली.

त्यानंतर सुमारे दोन वर्षे त्यांनी 'बॉम्बे गॅझेट' या वृत्तपत्रात काम केले. १८८४ मध्ये ते वडिलांच्या पेढीच्या कापूस विभागात रुजू झाले. पाँडिचेरी येथे सूतगिरणी काढता येईल का, याची पाहणी त्यांच्याकडे सोपवण्यात आली. पुढे नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये त्यांनी गिरणी व्यवसायाचे प्रत्यक्ष शिक्षण घेतले.

चांदा जिल्ह्यातील लोहशोध

चांदा जिल्ह्यात लोखंड गाळण्याची परंपरा जुनी होती. स्थानिक कारागीर जंगलातील कोळशावर लहान भट्ट्यांत लोखंड तयार करीत. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा या जिल्ह्यातील लोहखनिजाविषयीचा अहवाल जमशेदजींच्या वाचनात आला. लोहारा येथील खनिज उत्तम प्रतीचे असल्याचे त्यात नमूद होते आणि वरोऱ्याच्या कोळसा खाणी तेथून जवळ होत्या. मात्र वरोऱ्याचा कोळसा खनिज वितळवण्यास योग्य नसल्याचे चाचणीत आढळले. खाणकामाच्या परवान्यांच्या सरकारी अटीही जाचक होत्या. त्यामुळे ही योजना मागे पडली.

१८९९ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या काळात खनिज धोरण सैल झाले, तेव्हा जमशेदजींनी हा विषय पुन्हा हाती घेतला. अमेरिकी सल्लागार अभियंता चार्ल्स पेज पेरिन यांनी आपले सहकारी, भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड यांना भारतात पाठवले. १९०३–०४ मध्ये वेल्ड, दोराबजी आणि त्यांचे आतेभाऊ शापूरजी सकलातवाला यांनी चांदा जिल्हा पिंजून काढला. प्रवास बहुतांशी बैलगाडीने व पायी होता. दाट जंगल, वाघांचा वावर आणि पिण्याच्या पाण्याची टंचाई यांमुळे तो अत्यंत कष्टाचा ठरला. खनिज चांगल्या प्रतीचे असले, तरी त्याचे साठे विखुरलेले होते. मोठ्या कारखान्याला दीर्घकाळ पुरेल इतके खनिज एके ठिकाणी न मिळाल्याने वेल्ड यांनी प्रतिकूल मत दिले.

शोधमोहीम थांबवत असल्याचे कळवण्यासाठी दोराबजी नागपूरला सरकारी कचेरीत गेले. संबंधित अधिकारी जागेवर नसल्याने वेळ घालवण्यासाठी ते जवळच्या संग्रहालयात शिरले. तेथील मध्य प्रांताच्या भूगर्भशास्त्रीय नकाशावर दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाची खूण त्यांच्या दृष्टीस पडली. यातून दल्ली-राजहरा डोंगरांची पाहणी झाली आणि तेथे विपुल खनिज आढळले. योग्य कोळसा व पाणी जवळ नसल्याने टाटांनी तेथे कारखाना काढला नाही. स्वातंत्र्योत्तर काळात मात्र हेच खनिज भिलाई पोलाद कारखान्याचा आधार बनले.

फेब्रुवारी १९०४ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंज संस्थानातील लोहसाठ्यांची माहिती जमशेदजींना पत्राने कळवली. तेथील गोरुमहिसाणी डोंगर झरियाच्या कोळसा खाणींना तुलनेने जवळ होता. त्यामुळे कारखान्याची जागा पूर्वेकडे सरकली.

उद्योग

१९ मे १९०४ रोजी जमशेदजींचे जर्मनीत निधन झाले आणि समूहाची धुरा दोराबजींकडे आली. पोलाद कारखान्यासाठी लंडनमध्ये भांडवल मिळू शकले नाही. स्वदेशी चळवळीच्या वातावरणात १९०७ मध्ये भारतीय जनतेला आवाहन करण्यात आले, तेव्हा सुमारे तीन आठवड्यांत सुमारे ८,००० भारतीय गुंतवणूकदारांनी आवश्यक भांडवल उभे केले. २६ ऑगस्ट १९०७ रोजी टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी झाली. साकची या गावी कारखाना उभा राहिला आणि १९१२ मध्ये तेथे पोलादाचे उत्पादन सुरू झाले. १९१९ मध्ये साकचीचे नामकरण जमशेदपूर असे झाले.

बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली. १९१० मध्ये दोराबजींना 'सर' हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी जलविद्युत कंपनीची स्थापना झाली. लोणावळा परिसरात साठवलेल्या पाण्यावर खोपोली येथे वीज निर्माण करून ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवण्यात आली. १९१९ मध्ये त्यांनी न्यू इंडिया अशुरन्स ही विमा कंपनी स्थापन केली.

मुळशी येथील धरणामुळे मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. त्याविरुद्ध १९२१ मध्ये पांडुरंग महादेव तथा सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. धरण अखेर पूर्ण झाले. परंतु विस्थापनाच्या प्रश्नावरील भारतातील आरंभीच्या लढ्यांमध्ये या सत्याग्रहाची गणना होते.

पहिल्या महायुद्धानंतर पोलादाचे भाव कोसळले. १९२४ मध्ये पोलाद कंपनीकडे कामगारांचे वेतन देण्यापुरतेही पैसे उरले नाहीत. तेव्हा दोराबजींनी आपली वैयक्तिक संपत्ती तारण ठेवून इंपीरियल बँकेकडून १ कोटी रुपयांचे कर्ज मिळवले. त्यात मेहरबाईंचा २४५.३५ कॅरटचा ज्युबिली हिराही होता. या कर्जामुळे कारखाना तगला.

क्रीडाक्षेत्रातील कार्य

दोराबजी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. १९१९ मध्ये जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणाऱ्या शेतकरी तरुणांची कामगिरी त्यांनी पाहिली. शास्त्रशुद्ध प्रशिक्षण नसतानाही त्यांच्या वेळा युरोपीय धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्याजोग्या होत्या. समारंभास मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड उपस्थित होते. १९२० च्या ऑलिंपिकला भारतीय संघ पाठवण्याची कल्पना दोराबजींनी त्यांच्यापुढे मांडली. तीन धावपटूंचा खर्च उचलण्याची तयारीही त्यांनी दर्शवली.

अँटवर्पला गेलेल्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, एच. डी. कैकाडी व पूर्मा बॅनर्जी हे धावपटू, तर कुमार नवले व रणधीर शिंदे हे कुस्तीगीर होते. चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. शिंदे यांचे कांस्यपदक थोडक्यात हुकले आणि त्यांना चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. याच ऑलिंपिकमध्ये आइस हॉकी हा खेळ प्रथमच खेळवण्यात आला होता.

दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपूर्वी प्रांतोप्रांती निवड स्पर्धा घेण्यात आल्या. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे अध्यक्ष झाले. १९२८ मध्ये त्यांच्यानंतर पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंह यांनी हे पद स्वीकारले. त्याच वर्षी ॲमस्टरडॅम येथे भारताने हॉकीचे सुवर्णपदक पटकावले. आंतरराष्ट्रीय समितीवर पुढे आलेले गुरुदत्त सोंधी यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये नवी दिल्ली येथे पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या.

वैयक्तिक जीवन

दोराबजींच्या पत्नी मेहरबाई या म्हैसूर संस्थानातील शिक्षणाधिकारी एच. जे. भाभा यांच्या कन्या आणि अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांच्या आत्या होत्या. त्या साडी नेसून टेनिस खेळत व त्यांनी अनेक स्पर्धा जिंकल्या. १९२४ च्या ऑलिंपिकसाठीच्या भारतीय टेनिस चमूत त्यांचा समावेश होता. स्त्रीशिक्षण व बालविवाहविरोधी कार्यातही त्या सक्रिय होत्या. या दांपत्यास अपत्य नव्हते. १८ जून १९३१ रोजी रक्ताच्या कर्करोगाने मेहरबाईंचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ दोराबजींनी रक्ताच्या विकारांवरील संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला.

निधन व वारसा

मार्च १९३२ मध्ये दोराबजींनी ज्युबिली हिऱ्यासह आपली जवळजवळ सर्व संपत्ती सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या स्वाधीन केली. त्यानंतर पत्नीच्या समाधीस भेट देण्यासाठी ते इंग्लंडला निघाले. वाटेत ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुड दफनभूमीत मेहरबाईंच्या शेजारी त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. त्यांच्यानंतर नवरोजी सकलातवाला समूहाचे अध्यक्ष झाले.

त्यांच्या ट्रस्टच्या साहाय्याने मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था (१९३६), टाटा स्मारक रुग्णालय (१९४१) आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था (१९४५) उभ्या राहिल्या. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या इमारतीसही दोराबजी व त्यांचे बंधू रतनजी यांनी साहाय्य केले होते.