सर्पगंधेची परीक्षा घेणारे डॉक्टर

यवतमाळ जिल्ह्यात बँकेत नोकरीला असताना पाहत असे, मन बिघडलेल्या माणसाला घरचे आधी देवऋषीकडे नेत. दवाखान्याची पाळी शेवटी. अशा वेळी मला डॉ. रुस्तम जाल वकील आठवत.

१९११ साली जन्मलेले हे पारशी हृदयरोगतज्ज्ञ मुंबईच्या केईएम रुग्णालयात काम करीत. वेडावर सर्पगंधेची मुळी देण्याची आपली रीत जुनीच. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लिहिलेही होते. वकिलांनी मुळीची नुसती थोरवी गायली नाही. रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर तिची रीतसर परीक्षा घेतली आणि १९४९ मध्ये निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. मग जग जागे झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रिसर्पिन वेगळे काढले गेले. दोन वर्षांत नेथन क्लाइन यांनी अमेरिकेत मनोरुग्णांवरील त्याचे परिणाम मांडले. १९५७चा लास्कर पुरस्कार मिळालेल्यांत दोघेही होते. पुढे अधिक चांगली औषधे आली, रिसर्पिन मागे पडले. पडायलाच हवे होते. परीक्षेचा अर्थ तोच. वकील १९७४ साली गेले.

२०१५ साली सरकारचा प्रेरणा प्रकल्प यवतमाळातही आला, आशाताई घरोघरी मनाची विचारपूस करू लागल्या. माझ्या एका जुन्या खातेदाराच्या सुनेने नवऱ्याला आधी जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले. देवऋषीकडेही गेली, पण नंतर.